सुदर्शनापासून गडंबी कांद्यापर्यंत : क्रायनम ओळखायला शिकताना

जूनच्या मध्यावर पहिले दोन-तीन जोरदार पाऊस पडून गेले की ठाण्याजवळच्या येऊरच्या उतारांवर, गवत अजून घोट्याइतकेही वाढलेले नसताना, एखाद्या जाड दांड्यावर पांढऱ्या, प्रत्येक पाकळीच्या मधोमध गुलाबी पट्टा असलेल्या मोठ्या फुलांचा झुबका झुकलेला दिसतो. बहुतेक जण त्याला ‘जंगली लिली’ म्हणतात, छायाचित्र काढतात आणि पुढे जातात. जुनी माणसे त्याला गडंबी कांदा म्हणतात. वनस्पतिशास्त्रात ही वनस्पती क्रायनम या प्रजातीत मोडते आणि तिचे नाव क्रायनम लॅटिफोलियम असे आहे. ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहून, कोणतीही प्रयोगशाळा हाताशी नसताना, या एका प्रजातीच्या आधारे डोंगरावरच्या कंदवनस्पती ओळखण्याचा आणि त्यांचे वर्गीकरण समजून घेण्याचा सराव कसा करावा, ते या लेखात सांगितले आहे.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवायला हवा. वर्तमानपत्रांत ‘वाघाची प्रजाती’, ‘फुलांच्या नव्या प्रजाती’ असे सर्रास छापले जाते; परंतु मराठी शास्त्रीय परिभाषेत प्रजाती म्हणजे वनस्पतीच्या दोनपदी नावातला पहिला शब्द सुचवतो तो गट, आणि जाती म्हणजे दोन्ही शब्द मिळून ज्याचा निर्देश होतो तो नेमका घटक. क्रायनम ही प्रजाती. क्रायनम लॅटिफोलियम ही तिच्यातली एक जाती. अनेक प्रजातींचे मिळून कुल होते. पुढे हे शब्द याच अर्थाने वापरले आहेत, आणि नोंदवहीतही ते याच अर्थाने वापरावेत.

स्वयंपाकघरातला पहिला धडा

डोंगरावर जाण्यापूर्वी घरातला एक कांदा उभा चिरावा. खाली जी कठीण, चपटी तबकडी दिसते ते त्या वनस्पतीचे खरे खोड आहे. तिच्या खालून मुळे निघतात आणि वर एकात एक बसलेले जे मांसल थर दिसतात ते पानांचे फुगलेले तळ आहेत. अगदी मध्यभागी पुढचा कोंब असतो. आता शेजारी आले, हळद आणि सुरण यांचे तुकडे ठेवावेत. मराठीत या सगळ्यांना आपण सरसकट ‘कंद’ म्हणतो, पण चिरून पाहिल्यावर फरक लपत नाही, कारण आले आणि हळद ही आडवी वाढणारी खोडे आहेत, सुरण हा भरीव गोळा आहे आणि थर फक्त कांद्यातच आहेत. पावसाच्या तोंडावर ठाण्याच्या बाजारात आदिवासी बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात, त्या शेवळांचा जमिनीतला कंदही सुरणासारखाच भरीव असतो. या लेखाचा विषय आहे तो थरांचा कंद.

हा थरांचा कंद डोंगरउतारावर इतका उपयोगी का पडतो, हे आपल्या हवामानाकडे पाहिले की कळते. आपल्याकडे चार महिने धो-धो पाऊस आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे असतात. कातळावरची माती वीतभरही नसते. पावसाळ्यात पानांनी तयार केलेले अन्न आणि पाणी या थरांत साठते, पाने वाळून जातात आणि वणवा गेला तरी जमिनीखालचा कोंब शाबूत राहतो. क्रायनमच्या काही मुळांवर, कंदाच्या जवळ, आडव्या सुरकुत्या दिसतात. ही मुळे आखडतात आणि कंदाला दरवर्षी थोडे थोडे खाली ओढून घेतात. जुन्या सुदर्शनाची कुंडी बदलताना कंद अपेक्षेपेक्षा फार खोल का सापडतो, याचे उत्तर यात आहे.

सोसायटीच्या बागेतले सुदर्शन

दुसरी पायरी म्हणजे फूल उघडून पाहणे, आणि त्यासाठी जंगलातल्या फुलाला हात लावण्याची मुळीच गरज नाही. ठाण्यातल्या बहुतेक जुन्या सोसायट्यांच्या कुंपणालगत सुदर्शन लावलेले असते. बागेत सुदर्शन म्हणून सहसा जे दिसते ते क्रायनम एशियाटिकम, मूळचे आशियाच्या समुद्रकिनाऱ्यांवरचे. काही ठिकाणी यालाच नागदवणा म्हणतात, तर काही ठिकाणी गडंबी कांद्यालाही सुदर्शन म्हणतात. म्हणून लोकनाव लिहून घ्यावे, पण केवळ त्यावरून जाती ठरवू नये. बागेतल्या सुदर्शनाची फुले संध्याकाळी उमलतात आणि रात्री सुवासिक असतात, कारण पांढरा रंग, लांब नळी आणि रात्रीचा वास यांचे गिऱ्हाईक म्हणजे लांब सोंडेचे पतंग. त्यामुळे निरीक्षण संध्याकाळी सुरू करावे. सकाळी अकरानंतर पाहिलेले सुदर्शन हे आदल्या रात्रीचे उरलेसुरले असते.

माळीकाकांना विचारून एक फूल देठासकट घ्यावे. सोबत दहापट मोठे दाखवणारे भिंग, एक पाते आणि एक मोजपट्टी असावी. पाते चालवण्याआधी झाडावरचा पूर्ण दांडा पाहावा. त्यावर एकही पान नसते, तो आतून भरीव असतो, आणि टोकाला सगळी फुले एकाच बिंदूतून, छत्रीच्या काड्यांसारखी निघतात. या छत्रीच्या तळाशी कागदासारखी सुकत चाललेली दोन मोठी आवरणे लोंबत असतात. कळ्या लहान असताना त्यांनीच सगळा झुबका गुंडाळून ठेवलेला होता. त्यांना महाच्छद म्हणतात. आता हातातले फूल पाहावे : सहा सारखी दले, ज्यांना हिरव्या निदलपुंजाअभावी (पाकळ्यांखालचे वेगळे हिरवे वर्तुळ नसल्यामुळे) पाकळ्या न म्हणता परिदले म्हणणे योग्य, ती खाली एका लांब नळीत जुळलेली, सहा पुंकेसर, ज्यांचे तंतू एकमेकांपासून पूर्ण सुटे, आणि मध्ये एक लांब स्त्रीकेसर. शेवटी नळी खालपर्यंत न्यावी. नळी जिथे संपते त्याच्या *खाली* एक हिरवा फुगवटा आहे, तो अंडाशय. आडवा कापला तर त्यात तीन कप्पे दिसतात.

अंडाशय नळीच्या खाली आहे की फुलाच्या आत, परिदलांच्या वर आहे, ही या संपूर्ण अभ्यासातली सर्वांत महत्त्वाची नोंद आहे. पहिल्या वर्षी मी फुलांची दीडशेच्या वर छायाचित्रे समोरून काढली होती आणि त्यातली बहुतेक ओळखीसाठी निरुपयोगी ठरली, कारण एकातही फुलाचा तळ दिसत नव्हता. म्हणून प्रत्येक फुलाचे एक छायाचित्र बाजूने आणि एक तळाजवळून घ्यावे. समोरून काढलेले सुंदर छायाचित्र तिसरे, आणि तेही वेळ उरला तर.

एक सावधगिरी. क्रायनमच्या कुलातल्या वनस्पतींमध्ये लायकोरिनसारखी विषारी अल्कलॉइडे असतात, कंद खाल्ल्यास उलट्या होतात, आणि रसाने काहींच्या हाताला खाज सुटते. सुदर्शनाच्या पानाचा रस कोमट करून दुखऱ्या कानात घालण्याचा घरगुती उपाय अनेक घरांत सांगितला जातो. या माहितीनंतर तो करू नये, आणि पाते वापरून झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

जे क्रायनम नाही ते

नवशिक्याची सर्वाधिक फसगत करणारी वनस्पती रोपवाटिकेतच भेटते. नवी मुंबईच्या रस्त्यांच्या दुभाजकांत आणि घोडबंदर रोडच्या रोपवाटिकांत ‘स्पायडर लिली’ या नावाने जी पांढरी, कोळ्याच्या पायांसारख्या परिदलांची वनस्पती मिळते ती बहुधा हायमेनोकॅलिस असते, जी मूळची अमेरिका खंडातली. तिच्या पुंकेसरांचे तंतू खालच्या बाजूला एका पातळ पांढऱ्या पडद्याने जोडलेले असतात आणि त्याचा एक नाजूक पेला तयार होतो. क्रायनममध्ये असा पेला कधीही नसतो. गोंधळ वाढवणारी बाब अशी की सह्याद्रीत पॅनक्रॅशियम नावाची आपली स्वतःची पेलेवाली प्रजातीही आहे. तिची पॅनक्रॅशियम पार्वम ही लहानखुरी जाती पावसाच्या सुरुवातीला डोंगरावर फुलते. म्हणजे जंगलात पेला दिसला तर पॅनक्रॅशियमचा आणि दुभाजकात दिसला तर हायमेनोकॅलिसचा विचार आधी करावा.

बाकीच्या वनस्पती चटकन वेगळ्या काढता येतात. पावसाळी लिली म्हणजे झेफिरँथेस; तिच्या दांड्यावर एकच फूल असते आणि दांडा पोकळ असतो. कुंड्यांत लाल भोंग्यांसारखी फुले देणारी, दुकानात अमॅरिलिस म्हणून विकली जाणारी वनस्पती खरे तर हिप्पिएस्ट्रम असते आणि तिचाही दांडा पोकळ असतो. मे महिन्यात फुटणारा लाल गोळा, ज्याला कोणी फुटबॉल लिली म्हणतात, तो स्कॅडॉक्सस. कळलावीला कोणी कोणी लिली म्हणत असले तरी तिचा कंद थरांचा नाही आणि ती या कुलातलीही नाही.

रानकांद्यापाशी मात्र थांबायला हवे. ऐन उन्हाळ्यात, मार्च ते मे दरम्यान, येऊरसारख्या उघड्या उतारांवर पान नसलेला एक बारीक, उंच दांडा जमिनीतून सरळ वर आलेला दिसतो आणि त्यावर मळकट रंगाची छोटी फुले विरळ लागलेली असतात. ही ड्रिमिया इंडिका. जुन्या पुस्तकांत हिला अर्जिनिया इंडिका म्हटले आहे. हिचा कंद कांद्याइतकाच थरांचा आहे, म्हणून तर नाव रानकांदा. पण फुले छत्रीसारखी एका बिंदूतून न निघता दांड्यावर खालून वर क्रमाने लागतात, महाच्छद नसतो, आणि अंडाशय परिदलांच्या वर असतो. तळाची नोंद घेण्याचा आग्रह का धरला, ते या ठिकाणी लक्षात येईल. कातळावर लहान, हिरवट-तपकिरी, मान खाली घातलेली फुले देणारी दिपकाडी ही प्रजातीही रानकांद्याच्याच, म्हणजे अंडाशय वर असलेल्या, बाजूची आहे. रानकांद्यात हृदयावर परिणाम करणारी तीव्र द्रव्ये असतात, त्यामुळे नावातल्या ‘कांद्या’ला भुलून कोणी तो चाखू नये.

पुस्तके एकमेकांशी का जुळत नाहीत

इथपर्यंत आलेला वाचक लवकरच दोन-तीन पुस्तके उघडतो आणि गोंधळतो, कारण एकात क्रायनम लिलिएसी कुलात असते, दुसऱ्यात अमॅरिलिडेसी कुलात, आणि कांदा कधी इकडे तर कधी तिकडे. हा छपाईचा दोष नाही. कोणते लक्षण अधिक महत्त्वाचे मानायचे, यावर वनस्पतिशास्त्रज्ञांची मते बदलत गेली, त्याचा हा माग आहे.

लिनियसने १७५३ मध्ये क्रायनम ही प्रजाती आणि तिच्यातल्या लॅटिफोलियम व एशियाटिकम या दोन्ही जाती नोंदवल्या; क्रायनम हे नाव लिलीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आले आहे. इंग्लंडमधील धर्मगुरू विल्यम हर्बर्ट यांनी १८३७ मध्ये या कुलावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पुढे बेंथम आणि हूकर यांच्या पद्धतीत अंडाशयाच्या जागेला निर्णायक महत्त्व मिळाले : अंडाशय खाली असेल तर अमॅरिलिस गटात, वर असेल तर लिली गटात. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ दरम्यान मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची जी सूची प्रसिद्ध केली, आणि जी आजही आपल्या भागासाठी हाताशी ठेवावी लागते, तिची मांडणी याच पद्धतीची आहे. म्हणून तिच्यात कांदा आणि सुदर्शन दूर दूर सापडतात.

हचिन्सन यांनी १९३४ मध्ये वेगळा विचार मांडला. त्यांच्या मते अंडाशयाच्या जागेपेक्षा फुलोरा छत्रीसारखा आहे की नाही, हे लक्षण अधिक मूलभूत होते. शेतात कांद्याला डेंगळे आलेले ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे लगेच पटेल, कारण दांड्याच्या टोकाला आलेला तो पांढरा गोंडा म्हणजे एका बिंदूतून निघालेल्या फुलांची छत्रीच, आणि कोवळेपणी ती पातळ आवरणात गुंडाळलेली असते. हचिन्सन यांनी कांद्याला अमॅरिलिडेसीत नेले. त्यानंतर क्रॉनक्विस्ट यांनी १९८१ मध्ये सगळ्यांना पुन्हा एका अवाढव्य लिलिएसीत कोंबले. डीएनएवर आधारलेल्या अभ्यासांनी मात्र ती मोट मोडली, आणि २००९ च्या एपीजी-३ या, सपुष्प वनस्पतींच्या नव्या वर्गीकरणाच्या, मांडणीत कांदा, लसूण आणि सुदर्शन एकाच अमॅरिलिडेसी कुलात आले. त्यात अधःस्थ, म्हणजे परिदलांच्या खाली, अंडाशय असलेल्या क्रायनमसारख्या प्रजातींचे वेगळे उपकुल राहिले. रानकांदा आणि दिपकाडी शतावरीच्या अस्परॅगेसी कुलात गेल्या.

म्हणजे नाव कांद्याचे असूनही रानकांदा कांद्याचा जवळचा नातेवाईक नाही, आणि सुदर्शन आहे. नवशिक्याने नोंद करताना छत्री व महाच्छद हे कुलाचे लक्षण आणि अधःस्थ अंडाशय हे उपकुलाचे लक्षण अशा क्रमाने लिहावे, म्हणजे कोणत्याही काळातले पुस्तक उघडले तरी आपली वनस्पती कोठे शोधायची ते कळते.

प्रजातीच्या आत

जगात क्रायनमच्या शंभरहून अधिक जाती आहेत, आणि सर्वांत जास्त आफ्रिकेत. एकोणिसाव्या शतकात बेकर यांनी फुलाच्या आकारावरून या प्रजातीचे गट पाडले, आणि बारकावे पुढे बदलले तरी सुरुवातीला त्यांतली मुख्य फोड फार उपयोगी पडते. फूल ताऱ्यासारखे आहे की घंटेसारखे, हे पाहावे. सुदर्शनाची नळी सरळ असते, परिदले अरुंद असतात आणि सर्व बाजूंना सारखी पसरतात, हा झाला तारा. गडंबी कांद्याची नळी वाकडी असते, परिदले रुंद असतात, फूल कललेले असते आणि पुंकेसर एका बाजूला झुकलेले असतात, ही झाली घंटा. ओढ्याकाठी, पाण्यात पाय रोवून उभी असलेली, अरुंद पन्हळी पानांची आणि ताऱ्यासारख्या फुलांची वनस्पती दिसली तर क्रायनम व्हिविपॅरमचा विचार करावा. जुन्या पुस्तकांत ती क्रायनम डिफिक्सम या नावाने सापडेल.

वर घाटमाथ्यावर गेल्यास आणखी काही जाती भेटतात, ज्या उत्तर सह्याद्रीबाहेर कोठेही नाहीत. हर्बर्ट यांनी १८४२ मध्ये वर्णन केलेली क्रायनम ब्रॅकिनेमा ही त्यांपैकी एक. नावाचा अर्थ ‘आखूड तंतूंची’ असा आहे आणि पुंकेसरांच्या आखूड तंतूंवरूनच ती ओळखतात. तिची फुले पावसाच्या सुरुवातीला, पाने येण्याआधी, उमलतात. महाबळेश्वर परिसरातली क्रायनम वुड्रोवाय ही जाती पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकवणाऱ्या वुड्रो यांच्या नावाची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वर्णन झाल्यानंतर सुमारे शंभर वर्षे ती कोणालाच पुन्हा सापडली नव्हती. ज्या वनस्पतीची फुले वर्षातून थोडेच दिवस आणि तीही भर पावसात येतात, तिच्या बाबतीत याचे फार आश्चर्य वाटत नाही.

यावरून नवशिक्याने घ्यायची सवय अशी : एका भेटीत ओळख पूर्ण करण्याचा हट्ट धरू नये. फुले आहेत तेव्हा पाने नसतात, पाने भरात असतात तेव्हा फुले सुकलेली असतात, आणि फळे त्याहूनही नंतर. जागा ठरवून त्याच झाडाकडे वर्षातून निदान चार वेळा जावे : एप्रिलच्या अखेरीस, पहिल्या पावसानंतर, ऑगस्टमध्ये आणि दिवाळीच्या सुमारास. वहीत प्रत्येक झाडाला एक पान द्यावे आणि तारीख, उतार, माती की कातळ, सावली किती, पानांची रुंदी, दांड्यावरची फुले, नळीची लांबी एवढे तरी लिहावे. पाने कुरतडलेली दिसली तर काळ्या अंगावर ठिपके असलेल्या सुरवंटांचाही शोध घ्यावा. लिली मॉथ नावाच्या पतंगाचे हे सुरवंट सुदर्शनाची कुंडी दोन-तीन दिवसांत सपाट करतात आणि त्या विषारी रसाने त्यांचे काहीच बिघडत नाही.

क्रायनमचे बी तर घरातल्या टेबलावरही पाहण्याजोगे आहे. इतर बियांना असते तसे कठीण टरफल त्याला नसते. ते हिरवट, मांसल, ओबडधोबड गोळ्यासारखे असून बाहेरून बुचासारख्या थराने झाकलेले असते. सुदर्शनाचे बी या थरामुळे समुद्राच्या पाण्यावर तरंगत किनाऱ्या-किनाऱ्याने पसरते. फळे भरली की दांडा वजनाने जमिनीवर लोळतो. पडलेले एक बी उचलून बशीत, मातीपाण्याशिवाय, ठेवावे. काही आठवड्यांत त्यातून मुळासारखा एक जाड धागा बाहेर येतो आणि त्याच्या टोकाशी इवलासा नवा कंद धरतो. गोगलगायीच्या गतीने चालणारा हा प्रकार रोज छायाचित्रात टिपून ठेवावा.

येऊरला जाताना

येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तिथले पानही तोडण्यास मनाई आहे. कंद खणणे तर सोडाच. ठाणे स्थानकाजवळून येऊरकडे परिवहनची बस जाते. फाटकावर नोंद करावी, पावसाळ्यात कोणत्या वाटा खुल्या आहेत ते वनरक्षकांना विचारावे, ओढ्यात उतरू नये आणि एकट्याने जाऊ नये, कारण हे बिबट्यांचेही घर आहे. नवी मुंबईकरांना खारघर आणि पारसिकच्या टेकड्या जवळ पडतात, पण पांडवकड्यासारख्या धबधब्यांच्या जागी पावसाळ्यात बंदी असते, ती पाळावी. दुर्मीळ जाती दिसली तर नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये. कंद खणून नेणारे लोकही ती माध्यमे वाचतात.

वाळवलेला नमुना करून पाहायचा असेल तर तो बागेतल्या सुदर्शनाचाच करावा. कंदवनस्पती वर्तमानपत्रात दाबल्या तरी मरत नाहीत. माझा पहिला नमुना तीन आठवड्यांनी उघडला तेव्हा दाबलेल्या कंदातून नवे पान निघून कागदाच्या कडेबाहेर आले होते. म्हणून कंद उभा अर्धा चिरावा, आतला गर थोडा काढावा, तो उकळत्या पाण्यात काही वेळ बुडवावा, आणि मगच कागदांत ठेवून पहिले आठ दिवस रोज कागद बदलावेत. जाड अंडाशयही अर्धा चिरून ठेवावा. चिठ्ठीवर फुलाचा रंग आणि वास लिहायला विसरू नये, कारण वाळल्यावर दोन्ही जातात.

वर्षभराच्या नोंदी जमल्या की त्या पडताळण्यासाठी मुंबईतल्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) किंवा पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र गाठावे. आधी पत्राने किंवा ईमेलने वेळ मागावी, सोबत छायाचित्रे आणि मोजमापे न्यावीत, आणि ‘हे कोणते फूल आहे?’ असे विचारण्याऐवजी ‘महाच्छद दोन, दांडा भरीव, नळी वाकडी, अंडाशय अधःस्थ, मी क्रायनम लॅटिफोलियम ठरवले आहे, बरोबर आहे का?’ असे विचारावे.